या, बसा, काय घेणार?

निवृत्त माणसानं काय वाचावं, याविषयी नाशकात फार पक्की मतं आहेत. सकाळी ज्ञानेश्वरी, दुपारी पेपरातलं कोडं आणि संध्याकाळी एखादं चरित्र. तेही शक्यतो लोकमान्यांचं. रक्त पिणाऱ्या भुतांच्या कादंबऱ्या या यादीत बसत नाहीत. मी त्या वाचतो. लपूनछपून नाही, चांगली गॅलरीत आरामखुर्ची टाकून वाचतो. समोरचे निवृत्त तहसीलदार येताजाता विचारतात, "काय, चाललंय का रक्तदान?" (त्यांच्या हातात गेली चार वर्षं एकच चरित्र आहे. त्यातली खूण बाराव्या पानापुढे सरकलेली मी पाहिलेली नाही.) १८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या गावात माणसानं आपल्या आवडीचं वाचू नये, म्हणजे कमालच झाली.

इतकी वर्षं हा माल वाचल्यावर माझी काही मतं झाली आहेत. पहिलं असं की, भुताला नियम पाहिजेत. नियम नसलेलं भूत म्हणजे पाहुणा म्हणून आलेला आणि कधी जाणार ते न सांगणारा मेहुणा. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ साली आली आणि अजून उभी आहे ती त्यामुळेच. काउंट आरशात दिसत नाही, लसणीला भितो, स्वतःच्या गावची माती पेट्यांत भरून बरोबर नेतो. आणि घरातल्या कुणीतरी 'या' म्हटल्याशिवाय त्याला पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही.

लोकांना मात्र सगळं सिनेमातलं आठवतं. उन्हात तो राख होतो म्हणे. ते १९२२ सालच्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाचं देणं. पुस्तकातला काउंट दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर हिंडतो. आणि शेवटी तो मरतो तोही छातीत खुंटी ठोकून नव्हे, तर एका चाकूनं आणि एका कुकरीनं. चक्क गुरख्याची कुकरी! आपल्या इकडच्या लोखंडाचा एवढा मोठा पराक्रम, पण कुणी बोलत नाही.

मला विचाराल तर त्या पुस्तकातला सगळ्यांत भयंकर प्रसंग रक्ताचा नाहीच. पाहुणा होऊन आलेला तरुण वकील बघतो, तर काउंटसाहेब स्वतःच्या हातांनी त्याचा बिछाना घालताहेत. मग स्वतःच टेबल मांडताहेत. एवढ्या वाड्यात नोकर म्हणून कुणी नाही! पुढे एकदा हाच माणूस कोचावर पडून आगगाड्यांचं वेळापत्रक वाचत असतो. चारशे वर्षांपूर्वी मेलेला सरदार, ब्रॅडशॉ हातात धरून, गाडी कुठे बदलायची ते बघतोय. इथे माझ्या अंगावर काटा येतो, कारण अशी माणसं मी पाहिली आहेत. नियमित, टापटिपीची, पाहुण्याला काही कमी पडू न देणारी. त्यांच्या घरून निघालं की आपण का थकलोय, ते कळत नाही.

हा काउंट नाशकात टिकला नसता. लसणीचं सोडा, आमच्या गल्लीत सकाळी सातला मिसळीच्या रश्श्याला जी फोडणी बसते, तिच्यापुढे त्याचे अर्धे पूर्वजही टिकले नसते. वाहतं पाणी त्याला भरती-ओहोटी बघूनच ओलांडता येतं. गोदावरीला भरती नाही की ओहोटी नाही, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं एवढंच आमचं मोजमाप. शिवाय हे गाव मेलेल्यांना अडकवून ठेवणारं नाही, वाटेला लावणारं आहे. रामकुंडावर कुणी पिंड ठेवला आणि कावळा शिवला, की सुटलाच बिचारा. त्यातूनही उरला तर त्र्यंबकेश्वरी तीन दिवसांचा नारायण-नागबळी आहे. बाडबिस्तरा घेऊन आलेलं भूत, त्याची इच्छा असो वा नसो, मुक्त करून पाठवतील.

एका नियमाबाबत मात्र नाशिक सपशेल पडलं असतं. 'या' म्हणायचा नियम. आमच्याकडे दारावरची बेल वाजली की माणूस कोण हे बघायच्या आत तोंडातून निघतं, "या, या, बसा, काय घेणार?" काउंटला एवढंच पुरे होतं.

मराठीत या 'या'ची भीती ज्याला बरोबर कळली तो लेखक म्हणजे नारायण धारप (१९२५–२००८). त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे. उसनं आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतात. आणि नाकाबद्दल नाशिक पहिल्यापासूनच हळवं. पण 'लुचाई' हा शब्द किंगला सुचला नसता. लुचणं म्हणजे वासरानं गाईला लुचणं. केवढा मायेचा, घरगुती शब्द! तो भुताच्या गळ्यात बांधला आणि अर्ध्या रात्री आपल्याच माणसानं दार ठोठावणं म्हणजे काय, ते एका शब्दात आलं. धारपांचं भय बहुतेक वेळा कुठल्या परदेशी किल्ल्यातून येत नाही. ते वारसाहक्कानं येतं, म्हाताऱ्या नातेवाइकाबरोबर येतं, जुन्या वाड्याच्या किल्ल्यांबरोबर येतं. ते नाकारायचं तर आधी उद्धट व्हावं लागतं, आणि मध्यमवर्गीय माणूस एक वेळ रक्त देईल पण उद्धट होणार नाही.

त्यांच्याबद्दल तक्रारही आहे. त्यांचे 'समर्थ' कथेत आले की माझी भीती संपते. फॅमिली डॉक्टर आले की अर्धा ताप उतरतो तसं. आपण उगीच पांघरूण डोक्यावर घेतलं असं वाटायला लागतं. जिथे समर्थ नसतात, तिथे धारप मोठे. आमच्या समीक्षकांना त्यांची आठवण व्हायला २०१८ साल उजाडावं लागलं, कारण त्या वर्षी 'तुंबाड' आला आणि त्याच्यामागे धारपांची कथा असल्याचं छापून आलं. तोवर ते 'रहस्य' या कपाटात, झेरॉक्स केल्यासारख्या दिसणाऱ्या मुखपृष्ठांच्या शेजारी उभे होते.

आपला वेताळ हा रक्तपिपासू नव्हे, हेही सांगून टाकतो. रिचर्ड बर्टननं १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि नाव दिलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. झाडाला उलटं लटकतो एवढ्यावरून! कोकणात, गोव्यात वेताळ गावचा देव आहे. आणि गोष्टीतला वेताळ रक्त पीत नाही, प्रश्न विचारतो. बापानं लेकीशी आणि लेकानं तिच्या आईशी लग्न केलं तर त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजा इथे गप्प बसला. त्याच्या दरबारात आमच्याकडची एखादी आत्या असती तर तिनं जागच्या जागी सांगितलं असतं, वर आहेर कुणी कुणाला करायचा तेही.

आता 'ट्वायलाइट'. २००५ सालचं हे पुस्तक माझ्या नातीनं मला दिलं आणि मी ते सगळं वाचलं. त्यातला नायक शंभरी ओलांडलेला आहे आणि अकरावीत शिकतो. उन्हात जळत नाही, चमकतो. माणसांचं रक्त सोडून जनावरांचं पितो, आणि तेवढ्यावर ते घराणं स्वतःला शाकाहारी म्हणवतं. मी म्हटलं, "हे भूत नव्हे, सोमवार पाळणारा स्थळाचा मुलगा आहे."

ती हसली नाही. म्हणाली, "आजोबा, त्याला तिचं रक्त प्यावंसं वाटतं आणि तो स्वतःला आवरतो. मी क्लासहून साडेआठला परत येते ना, त्या रस्त्यावर उभी असतात त्यांच्यातला एकही आवरत नाही."

यावर मी पुस्तकाची भाषा कशी पाणचट आहे ते सांगत बसलो नाही. ती आहेच, पाचशे पानांत नायकाचा चेहरा किती वेळा सुंदर म्हणावा, यालाही काही मर्यादा हवी. पण मी ज्याला भीतीची कादंबरी समजून मार्क कापत होतो, ती तिच्या लेखी भीतीची कादंबरी नव्हतीच. भीती तिच्याकडे आधीच होती, क्लासच्या फीबरोबर घरपोच आलेली. माझ्यासारख्याला ती गॅलरीत बसून वाचनालयातून आणावी लागते. दुसऱ्या दिवसापासून साडेआठला मी कोपऱ्यापर्यंत फिरायला जातो. तिला सांगितलंय, मधुमेहासाठी.

बदल्यात तिला 'लुचाई' दिली आहे. तीन दिवस झाले, ती काही बोललेली नाही, पण जेवणाच्या ताटाशीही पुस्तक सुटत नाही. काल रात्री दहाला बेल वाजली. मी सवयीनं तोंड उघडलं, तर आतून ती ओरडली,

"आजोबा, 'या' म्हणू नका! आधी कोण ते विचारा!"