न आलेले पाचवे पात्र

पुलित्झर पारितोषिकप्राप्त ‘डाउट’ (२००४) या जॉन पॅट्रिक शॅन्ली यांच्या नाटकाची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते : फादर फ्लिन दोषी की निर्दोष? न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील कॅथलिक शाळा, काळ १९६४. शाळेतील पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी डोनाल्ड, त्याला जवळ करणारे फादर आणि त्या जवळिकीने शंकित झालेल्या मुख्याध्यापिका सिस्टर अलॉयशियस. निर्णायक पुरावा नाही. सिस्टर अखेर असत्याचा आधार घेऊन फादरना घालवितात; त्यांना मात्र अन्यत्र बढतीच मिळते. बापाचा मार खाणाऱ्या मुलाला कोणी माया लावतो, एवढेच आईला पुरेसे वाटते.

पात्रे चारच, डोनाल्ड रंगभूमीवर येतच नाही. माझ्या मते नाटकाचे मर्म याच उणिवेत आहे. विश्वास आणि संशय दोन्ही त्याच्या नावाने चालतात, त्याचा शब्द मात्र आपल्या कानी पडत नाही. २००८ च्या चित्रपटात स्वतः शॅन्ली यांनीच त्याला पडद्यावर आणून ही धार काहीशी बोथट केली.

मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून मीही सहकाऱ्यांवर विश्वास ठेवला आहे, संशयही घेतला आहे. मुलाला समोर बसवून त्याचे ऐकून घेण्यास मात्र अनेकदा विसरलो, हे नाटक वाचून संपल्यावर जाणवले.