‘आवारा’तील जग्गा : लोकप्रिय चित्रपटातील भटका आणि जन्मजात गुन्हेगारीची कल्पना

प्रस्तावना

भारतीय समाजात भटकंतीला कधीच एक अर्थ नव्हता. परिव्राजक, यात्रेकरू, वारकरी, फिरस्ता हे शब्द आदराने, निदान कुतूहलाने उच्चारले जातात. उनाड, भणंग, उडाणटप्पू हे शब्द मात्र त्याच पायपिटीला दूषण देतात. चालणारा कोण, यावर चालण्याची प्रतिष्ठा ठरते. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावोगाव फिरले आणि समाजाने त्यांना संत मानले. त्याच काळात, त्याच रस्त्यांनी गाढवांवर बिऱ्हाड लादून जाणारी कैकाडी कुटुंबे पोलिसांच्या नोंदवहीत गुन्हेगार म्हणून दाखल होती.

लोकप्रिय संस्कृतीने या दुसऱ्या प्रकारच्या भटक्याकडे कसे पाहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी राज कपूर यांचा ‘आवारा’ (१९५१) हा चित्रपट मध्यवर्ती धरला आहे. या चित्रपटावरील चर्चा बहुधा नायकाभोवती, त्याच्यावरील चॅप्लिनच्या छायेभोवती आणि सोव्हिएत रशियातील त्याच्या लोकप्रियतेभोवती फिरते. माझ्या मते ‘आवारा’तील खरा भटका नायक नव्हे, तर जग्गा आहे, आणि चित्रपट त्याला न्याय देत नाही.

भटकेपणाचा गुन्हा

भटकणे हाच गुन्हा मानण्याची कल्पना आपल्याकडे कायद्याच्या रूपाने इंग्रजांबरोबर आली. इंग्लंडमध्ये १५७२ च्या कायद्याने धडधाकट भिकाऱ्यांबरोबरच फिरते विक्रेते, कल्हईवाले, गारुडविद्या करणारे आणि उमरावाचा आश्रय नसलेले नट यांनाही भटक्यांच्या यादीत घातले. म्हणजे शेक्सपिअरच्या काळातील नटालाही कोणा सरदाराच्या नावाचा आधार नसेल, तर तो कायद्याच्या दृष्टीने भटका ठरत असे. मालक नसलेला माणूस संशयास्पद, हे त्यामागचे सूत्र होते.

भारतात हे सूत्र जातिव्यवस्थेच्या संपर्कात आले आणि अधिक भयंकर झाले. इंग्लंडमध्ये भटका ही व्यक्ती होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने येथे संपूर्ण जमात भटकी आणि म्हणून गुन्हेगार ठरवली. येथे सुतारकी, लोहारकी बापाकडून मुलाकडे जाते, तशीच चोरीही जाते, अशा आशयाचा युक्तिवाद त्यामागे होता. हा कायदा प्रथम उत्तर भारतात लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. नोंदणी, ठरावीक वेळी हजेरी, गाव सोडताना परवाना आणि शेवटी तारेच्या कुंपणाआडची ‘सेटलमेंट’ असा त्याचा क्रम होता. सोलापूरच्या सेटलमेंटमधील माणसे गिरण्यांत राबत आणि कामावरून पुन्हा कुंपणाआड परतत. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला.

‘आवारा’ प्रदर्शित झाला तो १४ डिसेंबर १९५१ रोजी, म्हणजे कायदा रद्द होण्याच्या नऊ महिन्यांच्या आत. हा योगायोग असेलही. परंतु ज्या प्रश्नावर चित्रपट उभा आहे, त्याच प्रश्नावर कायदा उभा होता, ही गोष्ट योगायोगाची नाही.

‘आवारा’तील युक्तिवाद आणि त्याची कोंडी

ख्वाजा अहमद अब्बास व व्ही. पी. साठे यांच्या कथेचा गाभा वंश विरुद्ध परिस्थिती असा आहे. न्यायाधीश रघुनाथ (पृथ्वीराज कपूर) यांची ठाम समजूत अशी की, सज्जनाचा मुलगा सज्जन होतो आणि दरोडेखोराचा मुलगा दरोडेखोर. याच समजुतीतून त्यांनी जग्गाला (के. एन. सिंग) दोषी ठरवलेले असते. पुरावा काय, तर त्याचा बाप दरोडेखोर होता. शिक्षा झालेला जग्गा पुढे खरोखरच दरोडेखोर होतो आणि सूड म्हणून रघुनाथांच्या पत्नीला (लीला चिटणीस) पळवून नेतो. ती गरोदर आहे हे कळल्यावर तो तिला सोडून देतो, कारण आता त्याला वेगळा सूड सुचलेला असतो. रघुनाथ पत्नीवर संशय घेऊन तिला घराबाहेर काढतात. रामायणातील सीतात्यागाची आठवण चित्रपट उघडपणे करून देतो. रस्त्यावर जन्मलेला राज झोपडपट्टीत वाढतो, शाळेतून काढला जातो आणि जग्गाच्या हाताखाली चोर होतो.

गुन्हा रक्तात नसून परिस्थितीत असतो, हा या कथेचा घोषित निष्कर्ष आहे. स्वातंत्र्योत्तर काळातील लोकप्रिय चित्रपटाने हे सांगावे, याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कथानकाची रचना या निष्कर्षाला आतून पोखरते. राज हा न्यायाधीशाचाच मुलगा आहे. प्रेक्षकाला हे पहिल्यापासून ठाऊक असते आणि त्याच्या सहानुभूतीला हा मजबूत आधार असतो. न्यायाधीशाचा मुलगा चोर होऊ शकतो, हे चित्रपट सिद्ध करतो. चोराचा मुलगा सज्जन होऊ शकतो, हे मात्र कोठेच दाखवत नाही. तर्काच्या दृष्टीने हे अर्धेच प्रमेय आहे आणि नेमका उरलेला अर्धा भाग भारतातील लक्षावधी माणसांच्या जगण्याशी संबंधित होता.

तो अर्धा भाग जग्गाचा आहे. बापाच्या नावावरून दोषी ठरलेला, निरपराध असून शिक्षा भोगलेला माणूस या कथेत तोच. गुन्हेगार जमाती कायद्याची व्याख्या ज्याच्यावर तंतोतंत बसते, असे हे एकमेव पात्र. चित्रपट त्याला खलनायक करतो आणि राजच्या हातून मारतो. राजसाठी न्यायालय भरते, रीटा (नर्गिस) त्याचे वकीलपत्र घेते, पित्याला पश्चात्ताप होतो आणि तीन वर्षांची शिक्षा भोगून नायक समाजात परतणार, अशी खात्री आपल्याला मिळते. जग्गाच्या मूळ खटल्याची फेरसुनावणी होत नाही. रघुनाथांनी मुलाची क्षमा मागावी यासाठी सारी कथा रचली आहे. जग्गाची क्षमा मागावी, हे कोणाच्याही मनात येत नाही. प्रेक्षकांच्याही नाही. मीही हा चित्रपट अनेकदा पाहिला आणि हे लक्षात यायला बराच काळ जावा लागला, हे येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये काठीला गाठोडे बांधून मुंबईत येणारा राज हा बी. ए. झालेला आहे आणि त्याच्याजवळ प्रामाणिकपणाचे पदक आहे. म्हणजे येथेही भटक्याच्या गाठोड्यात प्रतिष्ठेचा दाखला लपवलेला आहेच. चॅप्लिनच्या भटक्याला (प्रथम दर्शन १९१४) असे कुळ नाही आणि पदवीही नाही. तो कोठून आला हे कोणी विचारत नाही आणि शेवटी तो पुन्हा रस्त्याला लागतो. राज कपूर यांनी त्याची टोपी घेतली, चाल घेतली; त्याचे निराधारपण मात्र घेतले नाही. भारतीय प्रेक्षकाला कुळाशिवाय नायक पचला नसता, असा बचाव करता येईल. तो मान्य केला तरी प्रश्न सुटत नाही, उलट अधिक गंभीर होतो.

ओझे असलेले भटके

पडद्यावरील भटका आणखी एका बाबतीत वेगळा आहे. तो एकटा असतो, पुरुष असतो आणि त्याचे हात मोकळे असतात. ‘उपरा’ (१९८०) या लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनातील भटकंतीत गाढवे आहेत, लहान मुले आहेत, फोक तोडून टोपल्या विणणारे हात आहेत आणि रोजची भूक आहे. येथे रस्ता म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. तो रोजचा नाइलाज आहे. शाळेसाठी मुलाला एका जागी थांबता यावे, एवढ्यासाठी बापाला अख्ख्या व्यवस्थेशी झगडावे लागते. ‘आवारा’त शाळा सुटते आणि मुलगा भटका होतो, ‘उपरा’त भटकेपणामुळे शाळा हातातून निसटत राहते. कार्यकारणाची ही उलटापालट वर्गात विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात येते.

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) तर जग्गाने स्वतः लिहिलेली कैफियत वाटावी असे आहे. चोरीचे प्रशिक्षण, पोलिसांची हजेरी, गावात काहीही घडले तरी प्रथम याच वस्तीवर पडणारी धाड हे सारे तेथे आतून सांगितले आहे. गायकवाड चोरी नाकारत नाहीत आणि तिचे उदात्तीकरणही करत नाहीत. कामावर कोणी घेत नसेल तर हात काय करतील, हे ते दाखवतात. भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ (१९८७) याच वाटेवरचे. जन्मावरून दोषी ठरलेल्या ज्या माणसाला हिंदी चित्रपटाने बोलू दिले नाही, तो मराठी आत्मकथनांतून तीन-साडेतीन दशकांनंतर बोलला, असे म्हणता येईल. या आत्मकथनांचा विचार ‘वेदनेचे साहित्य’ एवढ्याच चौकटीत करणे अपुरे आहे. त्यांत एक युक्तिवाद आहे आणि तो ‘आवारा’च्या युक्तिवादापेक्षा अधिक पूर्ण आहे.

कायदा रद्द झाला तरी त्यामागची नजर राहिली. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९ मधील भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरती करणे यांच्या निमित्ताने पैसे मागणेही येते. नंदीवाले, डोंबारी, पिंगळे यांचे पिढीजात व्यवसायच या व्याख्येत सापडतात. १५७२ ची यादी येथे ओळखू येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्यातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. जमावाने पुरावा मागितला नाही. अनोळखी माणसे, हिंडणारी माणसे, एवढे त्याला पुरेसे होते. न्यायाधीश रघुनाथांनाही तेवढेच पुरले होते.

आपल्या महाविद्यालयीन व्यवहारातही हा प्रश्न दरवर्षी समोर येतो. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या विद्यार्थ्याला जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याच्या आजोबांना कोणत्याही गावाने टिकू दिले नाही, त्याने आजोबा कोठे राहत होते हे सिद्ध करायचे. गृहचौकशीचा मार्ग आहे. पण त्यासाठी अर्ज कोठे करायचा, कोणाला भेटायचे, हे प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला बहुधा कोणी सांगत नाही. मूळ गाव, तालुका, जिल्हा हे रकाने कोरे ठेवलेला असा एक अर्ज काही वर्षांपूर्वी माझ्या हाती आला होता. मी तो अपूर्ण म्हणून परत केला.