‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ : सून आली, चिनी बाई कुठे गेली?

मागच्या महिन्यात अकोल्याचे व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विचारले, “सर, शांतारामबापूंचा कोटणीसांवरचा सिनेमा आज पाहावा का?” आम्ही “पाहावा” म्हणालो आणि चहाकडे वळलो. घरी आल्यावर लक्षात आले की उत्तर अर्धेच दिले. मग तो चित्रपट पुन्हा दोनदा पाहिला. उरलेले अर्धे उत्तर आज अमरावतीत देतो.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्हांला ठाऊक आहे. जपानने चीनवर आक्रमण केले, सेनानी चू ते यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि 1938 मध्ये, सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. यातले चोळकर आपल्या नागपूरचे, बरं का. त्यांचे नाव आता कुणी घेत नाही. तब्येतीमुळे ते लवकर परतले आणि परतलेल्या माणसावर सिनेमा निघत नाही. कोटणीस मात्र राहिले. चिनी भाषा शिकले, बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, कुओ चिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या बाईंशी त्यांनी लग्न केले. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय 32.

चार वर्षांनी, 1946 मध्ये, राजकमलचा चित्रपट आला. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, संगीत वसंत देसाईंचे. शांताराम स्वतः कोटणीस आणि जयश्रीबाई चिंग लान. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना एका हिंदी माणसाने परक्या मुलखात जीव दिला हे पडद्यावर सांगायला हिंमत लागते, आणि ती बापूंच्यात होती. आजही काही प्रसंगांत आमचा गळा दाटतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे ऐकून कुणी रागावणार नाही.

पहिली तक्रार लहान आहे. चित्रपटातला डॉक्टर प्लेगशी झुंजतो आणि प्लेगनेच मरतो. अपस्माराने आलेले मरण नायकाला शोभत नाही असे वाटले असावे. आम्हांला उलट वाटते. आजार अंगात घेऊन, झटके येत असताना, जो माणूस शस्त्रक्रिया करतो आणि विद्यार्थ्यांना शिकवतो, त्याची गोष्ट मोठी आहे. असो.

खरी तक्रार वेगळी आहे आणि तिच्यासाठी थोडे न्यायशास्त्र लागेल. घाबरू नका, पाच मिनिटांचे आहे. न्यायसूत्रांत प्रश्न येतो : ‘गाय’ म्हटले की शब्दाने नेमके काय कळते? ती समोरची एक गाय, म्हणजे व्यक्ती? तिची शिंगे-शेपटी, म्हणजे आकृती? की गायपण, म्हणजे जाती? गौतम म्हणतात, तिन्ही मिळून पदार्थ. आता ‘चिनी’ हा शब्द घ्या आणि चित्रपट पाहा. आकृती आहे : रंगभूषेने ओढलेले डोळे, तसले कपडे. जाती आहे : शूर, सोशिक, कृतज्ञ जनता. व्यक्ती शोधावी लागते. चिंग लानला हट्ट आहे का? नवऱ्याशी न पटणारे एखादे मत आहे का? जपान्यांनी उद्ध्वस्त केलेल्या मुलखातली ही शिकलेली बाई, तिच्या मनात डॉक्टरखेरीज काय चालते? पटकथा विचारत नाही. ती गोड आहे, एवढ्यावर भागते.

दोष रंगभूषेचा नाही. 1959 च्या मृणाल सेन यांच्या ‘नील आकाशेर नीचे’ या बंगाली चित्रपटातही चिनी फेरीवाल्याचे काम बंगाली नटानेच केले आहे. पण तो फेरीवाला आपले दुःख घेऊन कलकत्त्याच्या गल्ल्यांतून फिरतो. त्या चित्रपटाचे मूळ महादेवी वर्मांच्या शब्दचित्रात आहे. तिथला कापडविक्या हरवलेली बहीण शोधतो आहे. एवढ्या एका गोष्टीने तो ‘एक चिनी’ न राहता ‘हा चिनी’ होतो.

आता शेवट बघा. चित्रपट अखेरीस चिंग लानला बाळासह सोलापूरच्या घरी आणतो. प्रेक्षक डोळे पुसतात, सून घरी आली. प्रत्यक्षात कुओ चिंगलान चीनमध्येच राहिल्या. भारतात पाहुण्या म्हणून आल्या-गेल्या आणि 2012 मध्ये तालियन शहरात वारल्या. मुलाचे नाव होते यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. तो 1967 मध्ये, वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच गेला.

पण क्षणभर चित्रपटाचा शेवट खरा धरू. माय-लेक सोलापुरात राहिले. पोर मराठी शाळेत गेले, हुरडा खाऊन वाढले. 1962 उजाडले, पोर वीस वर्षांचे. त्या वर्षी आपल्या सरकारने परकीयांचा कायदा वाढवला. ज्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कुणीही भारतावर आक्रमण करणाऱ्या देशाचे नागरिक होते, त्याला परकीय मानता येईल असे शब्द त्यात आले. त्या शब्दांनी कोटणीसांचा मुलगा त्यांच्याच गावात परका ठरवता आला असता. सुमारे तीन हजार चिनी वंशाची माणसे, बहुतेक आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडची, आगगाडीत घालून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेली. त्यांत म्हातारे होते, पोरे होती, चिनी नवऱ्यांच्या भारतीय बायकाही होत्या. काहींची सुटका व्हायला 1967 उजाडले. देवळी हे नाव मराठी वाचकाला कॉम्रेड डांगे आणि जयप्रकाशांमुळे माहीत आहे. इंग्रजांनी त्यांना तिथेच डांबले होते. असमियात रीता चौधुरी यांनी माकुमच्या चिनी लोकांवर ‘माकाम’ ही कादंबरी लिहिली, पण तोवर 2010 साल आले होते.

आम्ही त्या वेळी अकोल्यात शाळेत होतो. चौकात चिनी पुतळा जाळायचा ठरला आणि ‘चिनी वस्तू आणा’ अशी हाक आली. आमच्या घरात चिनी म्हणण्यासारखे दोनच : लोणच्याची चिनीमातीची बरणी आणि आजीच्या पेटीतला रेशमी खण. बरणी जड होती. खण नेला. लग्न होऊन अमरावतीला आलेल्या आजीने तो पाठीवर गाठोडे घेऊन फिरणाऱ्या एका चिनी फेरीवाल्याकडून घेतला होता. संध्याकाळी तिला कळले. ती एवढेच म्हणाली, “कायले जायलं रे पोट्टेहो? तो बिचारा पोटासाठी फिरत होता. त्यानं तुमचं काय खाल्लं होतं?” मग दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिला न्यायसूत्रे माहीत नव्हती, पण तिच्या डोळ्यांपुढे व्यक्ती होती. आम्ही जाती जाळून आलो होतो.

मुंबई-चीन ही वाट मुळात जुनी. आपल्या खामगाव-अकोल्याचा कापूस रेल्वेने मुंबईला जाई आणि तिथल्या गिरण्यांच्या सुताचे मोठे गिऱ्हाईक एकोणिसाव्या शतकात चीनच होते. त्याच बंदराच्या आधाराने माझगावात चिनी खलाशांची, कामगारांची वस्ती झाली. 1919 मध्ये बांधलेले त्यांचे मंदिर अजून उभे आहे. शांतारामबापूंचा परळचा स्टुडिओ तिथून फार लांब नाही. चीन दाखवायला बापूंनी पडद्यावर आख्खे येनान उभारले. माझगावच्या एखाद्या म्हाताऱ्याला बोलावून ‘बाबा, तुझ्या गावाकडे मेलेल्या माणसासाठी कसे रडतात?’ असे कुणी विचारले असते, तर चिंग लानचा शेवटचा प्रसंग वेगळा झाला असता असे आम्हांला वाटते.

तेव्हा त्या तरुणाला पूर्ण उत्तर असे : पाहावा, आणि पाहताना कोटणीसांवरून नजर काढून मागे उभ्या असलेल्या माणसांकडे बघावे. पुढच्या महिन्यात अकोल्याला महादेवींचे ते शब्दचित्र घेऊ. ‘स्मृति की रेखाएँ’ या पुस्तकात आहे. ज्यांना जमेल त्यांनी वाचून या. आता प्रश्न विचारा, पण माइक जवळ घेऊन, आमचा डावा कान संपावर आहे.