व्हिडिओ थांबवायचा कुठे?

आता क्यूआर कोडचंच बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना कोड जोडले, ते समोरच्या मुलांसाठी. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड आले, २०१७ मध्ये ‘दीक्षा’ आलं, आणि कर्ता शिक्षक नुसता स्कॅन करणारा होऊन बसला. प्रशिक्षणात काय शिकवतात? स्लाइड करा, आवाज भरा, अपलोड करा. रिचर्ड मेयर सांगतात, की चित्र आणि निवेदन चालू असताना तीच वाक्यं पडद्यावरही उमटवली, तर शिकणं सहसा कमी होतं. आपल्याकडे हे सर्रास चालतं, वर पार्श्वसंगीत! बाष्पीभवनाचा व्हिडिओ मध्येच थांबवून ‘दोरीवरचा टॉवेल वाळला, मग पाणी गेलं कुठे?’ असं विचारायचं, याचा सराव मात्र कोणी करून घेत नाही.