आरोग्यसंवर्धन की सवयींची मोजदाद? : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

१९८६ च्या ओटावा सनदेने आरोग्यसंवर्धनाची पाच कार्यक्षेत्रे सांगितली : आरोग्यपोषक सार्वजनिक धोरण, अनुकूल परिसर, लोकसमूहाची कृती, व्यक्तिगत कौशल्ये आणि आरोग्यसेवांची पुनर्रचना. २०१८ पासून भारतातील उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे ‘आरोग्यवर्धिनी केंद्रे’ होऊ लागली. २०२३ मध्ये त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. (‘आरोग्यवर्धिनी’ हे एका प्रसिद्ध आयुर्वेदिक वटीचेही नाव आहे, योगायोग सूचक म्हणावा लागेल.) मात्र पाच क्षेत्रांपैकी व्यक्तिगत सवयींवरच या केंद्रांतील संवर्धनाचा भर राहिला. त्याचा पुरावा तेथील सर्वांत साध्या कागदात, म्हणजे आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन भरते त्या तपासणीसूचीत सापडतो.

सूचीच्या पहिल्या भागात वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि कौटुंबिक पूर्वेतिहास यांना गुण आहेत. गुणांची बेरीज ४ पेक्षा अधिक झाल्यास त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्य मिळते. तिशीपुढील प्रत्येकाची तपासणी व्हावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात, हे मान्य करावयास हवे. परंतु मनुष्यबळ अपुरे असेल तेथे प्राधान्यक्रम हाच प्रत्यक्षात निकष ठरण्याचा धोका असतो.

आता हा कागद पेण तालुक्यातील वीटभट्टीवर नेऊन पाहावा. पंचेचाळीस वर्षांचा कातकरी मजूर, रोज तंबाखू खाणारा : वयाचे २, तंबाखूचे २. घेर कमी, म्हणून शून्य. आठवड्यात १५० मिनिटे व्यायाम होतो का, या प्रश्नालाही शून्यच. दिवसभर माती तुडविणाऱ्याला व्यायाम कमी पडत नाही. मद्य नाही, पूर्वेतिहास माहीत नाही. बेरीज ४, म्हणजे प्राधान्याच्या रेषेच्या आत. विशेष म्हणजे भट्टीचा धूर व धूळ यांविषयीचा प्रश्न त्याच सूचीत पुढे आहे. वीटभट्टीचा तर नावानिशी उल्लेख आहे. पण त्या उत्तराला गुण नाहीत. शासनाला धोका ठाऊक आहे, फक्त तो मोजला जात नाही.

हाच न्याय पेण, हमरापूर, जोहे येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांना लागू होतो. तेथे प्लास्टरची धूळ आणि फवारणीचा रंग कामगाराच्या नाकातोंडाशी असतो. रोह्यात धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचा कामगार ‘जीवनशैली’ या एका शब्दात मावत नाही. त्याला ‘मीठ कमी खा, चाला’ हा उपदेश चुकीचा नाही, अपुरा आहे.

दुसरा प्रश्न ऋतूचा. कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर उचल घेऊन भट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाआधी परततात. या काळात वाडीवर गेलेल्या आशेला कुलूप दिसते, तर भट्टीच्या गावातील आशेच्या यादीत ही माणसे नसतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरींसारख्या विशेष असुरक्षित जमातींसाठी फिरत्या वैद्यकीय पथकांची तरतूद आहे. ही पथके वाडीवर थांबतात की हंगामात भट्टीपर्यंत पोहोचतात, यावर तिचे मूल्यमापन व्हावे. तसेच सूचीतील व्यवसायविषयक उत्तराला गुण देण्यास नवे यंत्र लागत नाही, नवा कर्मचारीही लागत नाही. मात्र गुण दिले की त्या धुळीला कोण जबाबदार, हा प्रश्न आरोग्य खात्याबाहेर, कामगार व प्रदूषण नियंत्रण यंत्रणांच्या दारी जातो.