एक्सरेत जात दिसत नाही

चित्रावर लिहायचा अधिकार मला कोणी दिला, हा प्रश्न येणारच. कोणी दिला नाही. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर आहे. दहावीला शाळा सुटली. कविता लिहितो, तीही कोणी शिकवली नाही. पण जे चित्रकार कामगाराचं चित्र काढतात म्हणून नावाजले जातात, त्यांच्याविषयी कामगारानं एकदा तरी तोंड उघडायला नको?

डिसेंबर २०१९. सहा तारखेला चैत्यभूमी झाली, परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची. दिवस मोकळा होता. फोर्टात नॅशनल गॅलरीमध्ये सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. खांद्याला पिशवी, पिशवीत शिवाजी पार्कवर घेतलेली पुस्तकं, अशा अवतारात आत गेलो.

खरं सांगतो, हललो. रस्त्यावरची, पुलावरची, हॉटेलातली साधी माणसं. अंगानं जड, हातपाय ठोकळ्यासारखे. त्यांना देखणं केलेलं नाही आणि बिचारंही केलेलं नाही. पाळी सुटल्यावर खांद्यापासून हात कसे लोंबतात, हे या चित्रकाराला ठाऊक आहे. रिंग फ्रेमच्या गल्लीत आठ तास येरझारा घालायच्या, तुटला धागा की सांध. घरी जाईपर्यंत पोटऱ्यांचे दगड होतात. त्या पोटऱ्या मी तिथं भिंतीवर बघितल्या.

पटवर्धन १९४९ साली जन्मले, पुण्यात डॉक्टरकी शिकले, १९७३ ला मुंबईत आले. चित्रकलेच्या कॉलेजात गेले नाहीत, म्हणजे त्या बाबतीत आपल्यासारखेच. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ते ठाण्यात एक्सरेचे डॉक्टर होते. दिवसा फिल्मा बघायच्या, उरलेल्या वेळात चित्रं काढायची. चित्र विकून चूल पेटवायची नव्हती, म्हणून शेठच्या दिवाणखान्यात काय शोभेल याची फिकीर करावी लागली नसेल, असं मला वाटतं. नोकरी धरून कला करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. मी पण तेच करतो.

पण रात्री गाडीत बसल्यावर काहीतरी टोचायला लागलं. एवढी माणसं बघितली, त्यातली आपली कुठली?

उत्तर सापडायला बरेच दिवस गेले. एक्सरेत हाड दिसतं, फुप्फुस दिसतं. जात दिसत नाही. पटवर्धनांचा कामगार तसाच आहे. त्याला वर्ग आहे, थकवा आहे, शहर आहे. आडनाव नाही. १९८१ ला सहा चित्रकारांनी ‘प्लेस फॉर पीपल’ नावानं प्रदर्शन भरवलं, त्यात पटवर्धन होते. माणसांना जागा! चांगलं आहे. पण जागा कुठल्या बाकावर, ते सांगा.

कारण गिरणीत जात होती. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात आपल्या माणसाला शिरू देत नव्हते. कांडी बदलताना धागा तोंडानं ओढून धोट्यातून काढावा लागायचा, आणि आपल्या थुंकीनं बाकीचे बाटत होते. साचाखात्यात पगार जास्त. म्हणजे थुंकीपायी पगार बुडाला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे आपटला, तेव्हा कुठं नाइलाजानं तो मागण्यांत गेला. ही गोष्ट कुठल्या चित्रात आहे? ‘लोअर परळ’ हे २००१ चं चित्र मी पुस्तकात छापलेलं बघितलं. गिरण्या जाऊन टॉवर येत होते तो काळ. तिथंही सगळे नुसते ‘लोक’.

एक मित्र म्हणाला, अरे, जात काढायची कशी? ती काय तोंडावर लिहिलेली असते?

त्याला मी सावी सावरकर दाखवले. आडनाव ऐकून दचकू नका, हे नागपूरचे, आपल्यातले, १९६१ चा जन्म. बडोद्याला छापचित्रं शिकले, पुढं दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवत होते. त्यांच्या चित्रात गळ्यात मडकं, कमरेला झाडू बांधलेला माणूस येतो, देवदासी येते, भट येतो. रेघ अशी की ओरबाडल्यासारखी. आणि ती ओरबाडलेलीच असते! धातूच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईनं कोरतात, पत्रा ॲसिडमध्ये टाकतात, ॲसिड रेघ खातं. मग शाई भरायची, पत्रा पुसायचा, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. हे मजुरीचं काम आहे. आपलं हे पानसुद्धा मेणाच्या स्टेन्सिलवर कोरूनच निघतं, म्हणून मला ही कला घरची वाटते.

तरी सावींशीही माझं भांडण आहे. ते मला पेशवाईत नेतात. न्यायलाच पाहिजे, ते विसरून चालणार नाही. पण माझ्या गळ्यात आज मडकं नाही, कार्ड आहे. आमच्या गिरणीत वेस्ट रूम आणि संडास कंत्राटावर आहेत, त्या हजेरीपटावरची आडनावं एकदा वाचा. चार वर्षं मी ज्यांच्या शेजारी डबा उघडतो ते मला चटणी देतात, माझ्या डब्यातली घेत नाहीत. ‘पोट भरलंय’ म्हणतात. हे चित्र पटवर्धनांनी काढलं नाही, सावींनीही नाही.

आणि मी तरी? एक मेच्या सभेत मी ‘कामगार’ कविता वाचली. घाम आला, भोंगा आला, मूठ आली. टाळ्या पडल्या. घरी येऊन वाचली तर तीत साला मीच नव्हतो. पटवर्धनांना विचारायच्या आधी हे मला स्वतःला विचारावं लागलं. त्यांनी निदान पोटरी तरी खरी काढली.

आमच्याकडं डॉफिंगला एक पोरगा आहे. बॉबिनच्या खोक्यावर खडूनं चित्रं काढतो. मागच्या महिन्यात त्यानं जेवणाची सुट्टी काढली. कोण कुठं बसतं, कोण कुणाकडं पाठ करतं, सगळं बरोबर. मुकादमानं ओल्या फडक्यानं पुसलं आणि त्याला दुसऱ्या खात्यात टाकलं. मी त्याला दोन कोऱ्या स्टेन्सिली आणि एक सुई नेऊन दिली आहे. संपादकांनी पुढच्या अंकात एक पान मोकळं ठेवावं. वर नाव टाकू नये, पोराची नोकरी अजून कच्ची आहे.