हिन, शेर आणि लिटर : एका पूजामापाच्या मराठी अनुवादासंबंधी

धर्मग्रंथांच्या अनुवादाची चर्चा करताना आपले लक्ष बहुधा देवतावाचक नावे, तत्त्वज्ञानविषयक संज्ञा आणि काव्यमय स्थळे यांकडे जाते. वजने, मापे आणि नाणी यांचे शब्द किरकोळ समजून तळटीपेच्या हवाली केले जातात. प्रस्तुत लेखात अशाच एका उपेक्षित शब्दाचा विचार करावयाचा आहे. जुन्या करारातील 'हिन' हे द्रवपदार्थांचे माप मराठी पवित्र शास्त्रात भाषांतरित न होता जसेच्या तसे आले आहे. हे अनुवादकाचे दौर्बल्य मानावे की विवेक, हा येथील प्रश्न होय.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 'हिन' हा शब्द मूळ हिब्रू ग्रंथात निर्गम, लेवीय, गणना आणि यहेज्केल या चारच पुस्तकांत येतो, आणि दोन स्थळे वगळता सर्वत्र त्याचा संबंध उपासनेशी आहे. अभिषेकाच्या तेलासाठी एक हिन जैतुनाचे तेल सांगितले आहे. गणनेच्या पंधराव्या अध्यायात पेयार्पणाचे प्रमाण ठरविले आहे : कोकरासोबत पाव हिन, एडक्यासोबत एक तृतीयांश हिन आणि गोऱ्ह्यासोबत अर्धा हिन द्राक्षारस. सपिठात मळावयाच्या तेलाचेही प्रमाण तेच. यहुदी परंपरेनुसार एका हिनाचे बारा 'लोग' होतात, आणि सहा हिनांचा एक 'बाथ'. म्हणजे वरील तीन प्रमाणे अनुक्रमे तीन, चार आणि सहा लोग अशी पूर्णांकांत बसतात.

शब्दाच्या व्युत्पत्तीकडे वळल्यास पहिलाच धडा मिळतो. 'हिन' हा मूळचा हिब्रू शब्द नसून प्राचीन मिसरी भाषेतून आलेला आहे, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. परंतु मिसरी हिन सुमारे अर्ध्या लिटराचा होता, तर हिब्रू हिन त्याच्या कित्येक पट मोठा. नाव उसने आले, परिमाण मात्र आले नाही. हिब्रू हिनाचे परिमाणही निश्चित सांगता येत नाही. उत्खननात सापडलेल्या 'बाथ' अशी अक्षरे असलेल्या रांजणांच्या तुकड्यांवरून बाथ सुमारे बावीस लिटरांचा धरला, तर हिन पावणेचार लिटरांच्या आसपास येतो. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसीफस मात्र हिनाची बरोबरी दोन अॅटिक 'खूस'शी करतो, आणि ते प्रमाण साडेसहा लिटरांच्या जवळ जाते. अशा स्थितीत काही आधुनिक अनुवादांप्रमाणे मूळ मजकुरातच लिटरांचा आकडा घालणे म्हणजे जे ज्ञान आपणास नाही ते असल्याचा आव आणणे होय. आकड्याची अचूकता ही अशा ठिकाणी अर्थाची अचूकता नसते.

मग देशी माप का घेऊ नये? हा प्रश्न अधिक गंभीर आहे. १९५६ च्या वजन-माप कायद्यानंतर शेर हळूहळू व्यवहारातून गेला, परंतु एकोणिसाव्या शतकातील अनुवादकासमोर तो जिवंत होता. कोकणातील बेने इस्राएल लोक तेलाच्या घाण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी शेर, पावशेर, नवटाक हेच शब्द असणार. तेव्हा मंदिरातील तेलासाठीही शेर वापरला असता तर बिघडले काय असते?

बिघडले असते ते एडक्यापाशी. मराठी मापांची परंपरागत श्रेणी निमपटीची आहे : शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. धान्याच्या मापांतही शेराचे अर्धे ते मापटे, मापट्याचे अर्धे ते चिपटे. भाषेतील अपूर्णांकवाचक शब्दही याच वळणाचे आहेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही सारी मालिका दोन आणि चार यांच्या भागाकारावर उभी आहे. 'पाव' हा शब्दच संस्कृत 'पादा'पासून, म्हणजे चतुष्पादाच्या एका पायापासून आलेला. तृतीयांशासाठी मात्र बाजारात माप नाही. 'तिजाई' हा शब्द आपणाजवळ आहे, पण तो उत्पन्नाच्या वाट्याचा आणि वसुलीचा. शेराची तिजाई कोणी दुकानदार मोजून देत नसे. हिब्रू हिन बारांनी विभागला जात असल्यामुळे त्याचा पाव, तिसरा भाग आणि अर्धा हे तिन्ही सहज निघतात. शेर हा शब्द घेताच ही अंतर्गत रचना कोसळते, आणि कोकरू, एडका व गोऱ्हा यांचे तीन-चार-सहा हे चढते नाते मराठी वाचकाच्या कल्पनेत मोजण्याजोगे राहत नाही.

येथे पूजामापाचे स्वरूप स्पष्ट होते. व्यापारातील माप 'किती' ते सांगते, तर उपासनेतील माप प्रामुख्याने 'कशाच्या मानाने किती' ते सांगते. मिश्नेतील मनाहोत या प्रकरणात मंदिरातील सात द्रवमापांची यादी आहे : हिन, अर्धा, तृतीयांश आणि पाव हिन, लोग, अर्धा लोग आणि पाव लोग. तेथेच रब्बी एलिएझर बार सादोक यांचे मत नोंदले आहे की, हिनाच्या एकाच भांड्यात खुणा होत्या : गोऱ्ह्यासाठी एथवर, एडक्यासाठी एथवर, कोकरासाठी एथवर. याउलट रब्बी शिमोन म्हणतात की पूर्ण हिनाचे माप मंदिरात नव्हतेच, कारण त्याचा उपयोगच काय? पूर्ण माप प्रत्यक्षात असो वा नसो, त्याचे अंश त्याच्याच नावाने ओळखले जात होते, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

आपल्याकडील तुलना या ठिकाणी उपयोगी पडते. नाशिकला गोदावरीच्या काठी तर्पण करणारा मनुष्य ओंजळीने पाणी सोडतो. ओंजळ हे देहाचे माप असून ती ज्याची त्याची असते. मंदिरातील हिन हे संस्थेचे माप होते. ते याजकाच्या हातावर अवलंबून नव्हते. (अन्नार्पणातील मूठभर पीठ मात्र याजकाच्याच मुठीने घेतले जाई, म्हणून हा भेद दोन धर्मांमधील नसून दोन प्रकारच्या मापांमधील आहे.) ओंजळीचा अनुवाद कोणत्याही भाषेत होऊ शकेल, कारण हात सर्वांना आहेत. संस्थेच्या मापाचा अनुवाद होत नाही, त्याची ओळख करून द्यावी लागते.

हे प्राचीनांनाही उमगले होते. ग्रीक सप्तती अनुवादाने व लॅटिन वुल्गाताने हा शब्द तसाच ठेवला. मिश्नेतील एदुयोत या प्रकरणात तर एक मार्मिक प्रसंग आहे. स्नानकुंड अशुद्ध ठरविणाऱ्या पाण्याचे प्रमाण सांगताना हिल्लेल यांनी 'हिन' हा शब्द योजला, आणि त्याचे कारण असे दिले आहे की, मनुष्याने आपल्या गुरूच्या भाषेत बोलले पाहिजे. परंपरेतील शब्द हा परंपरेचा पुरावा असतो, ही जाणीव त्यामागे आहे. लेवीय पुस्तकात 'न्याय्य हिन' बाळगण्याची आज्ञा आहे. तिच्यावर तालमूदातील रब्बी योसे बार यहुदा श्लेष करतात : 'हिन' म्हणजे 'हेन', अर्थात होकार; तुमचा होकार खरा असो आणि नकारही खरा असो. शेर किंवा लिटर या शब्दांतून हा नीतिबोध निघणे शक्य नाही.

इ. स. ७० मध्ये मंदिराचा विध्वंस झाला आणि पेयार्पण थांबले, तरी मापाचा वंश खुंटला नाही. साबाथाच्या पवित्रीकरणाचा प्याला किमान पाव लोगाचा असावा, असा यहुदी धर्मशास्त्राचा दंडक आहे, आणि पाव लोग म्हणजे हिनाचा अठ्ठेचाळिसावा भाग. महाराष्ट्रातील बेने इस्राएल कुटुंबांत या प्याल्यात द्राक्षमद्याऐवजी मनुका भिजवून काढलेले सरबत घेण्याची रीत आहे. पदार्थ बदलला, पण विधी टिकला. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून दिले, आणि पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांचे मराठी अनुवाद केले. हिब्रू संज्ञा मराठीत वागविण्याचा हा व्यासंग परका नसून आपल्याच भाषेचा आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप लेखनाचा. हिब्रूत या शब्दातील स्वर दीर्घ आहे, परंतु 'हीन' लिहिले तर मराठी वाचकास न्यूनतेचा वाचक शब्द आठवेल. तेव्हा ऱ्हस्व 'हिन' स्वीकारण्यात सोय आहे. मात्र मोठ्याने वाचताना हा भेद कानाला जाणवत नाही, आणि 'पाव हिन' ऐकणारा क्षणभर गोंधळतो, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. यहेज्केलच्या चौथ्या अध्यायात वेढ्याचे चिन्ह म्हणून संदेष्ट्याने रोज हिनाचा सहावा हिस्सा पाणी मोजून प्यावे असे सांगितले आहे. दोन लोग म्हणजे जेमतेम तांब्याभर पाणी. येथे मुद्दा नात्याचा नसून तहानेचा आहे, आणि अपरिचित शब्द ती तहान वाचकापर्यंत पोचू देत नाही. येथे तरी 'तांब्याभर' म्हणावे, असा मोह होतो. पण यहेज्केल स्वतः याजक होता. ज्या मापाने वेदीपुढे द्राक्षारस मोजावयाचा, त्याच मापाच्या तुकड्याने वेढ्यातील पाणी मोजण्याची पाळी यावी, यातच त्या चिन्हाची धार आहे. शब्द बदलला तर तहान कळेल, पण विटंबना कळणार नाही.

म्हणून निष्कर्ष असा की, मराठी अनुवादकाने 'हिन' राखला हे योग्यच केले, परंतु राखणे हे निम्मेच काम झाले. शब्दासोबत त्याचे बारा लोग, त्यांचे तीन-चार-सहा हे नाते आणि यहेज्केलच्या स्थळी तांब्याभर पाण्याची टीप, एवढे वाचकाच्या हाती दिले पाहिजे. गुरूचा शब्द जपणे हे शिष्याचे कर्तव्य खरे. पण तो पुढच्या शिष्याला समजावून देणे हेही त्याच कर्तव्यात येते.